हिवाळ्याच्या निबंधातला बर्फ नेमका कुणाचा?



डिसेंबर लागला की 'हिवाळा' हा निबंध येतोच. तिसरी ते सातवीच्या कुठल्याही वर्गाच्या वह्या उघडून बघा. कुठे ना कुठे हे वाक्य सापडेलच : "हिवाळ्यात सगळीकडे पांढराशुभ्र बर्फ पसरतो. झाडे बर्फाची चादर पांघरतात. मुले बर्फाचे गोळे करून खेळतात." वही असते नागपूरच्या मुलाची. त्याने बर्फ पाहिलेला असतो तो फ्रीजमधला, नाहीतर गोळेवाल्याच्या गाडीवरचा.

हे वाक्य येतं कुठून? गाईडमधून, मोबाईलवरच्या तयार निबंधांमधून आणि कार्टूनमधून. बरेचसे तयार निबंध इंग्रजीवरून उचललेले असतात. इंग्लंड-अमेरिकेच्या मुलांचा हिवाळा आपल्या मुलांच्या वहीत येऊन बसतो. आपण लाल पेनाने बरोबरची खूण करतो आणि पुढची वही घेतो.

एवढ्याशा गोष्टीवर लेख कशाला, असं कुणी म्हणेल. पण त्याच वर्गातलं दुसरं एखादं मूल लिहितं : "थंडीत माझे बाबा पहाटे चार वाजता भाजी आणायला जातात. आई त्यांना मफलर बांधून देते." हा निबंध चार-पाच ओळींत संपतो, शुद्धलेखनही कच्चं असतं. त्याला शेरा मिळतो 'मुद्दे वाढवा'. बर्फवाल्याला शेरा मिळतो 'सुंदर'. खरं लिहिण्यापेक्षा छापील लिहिणं फायद्याचं असतं, हे मूल त्या दिवशी शिकतं. ही शिकवण पुढे दहावीपर्यंत आणि त्यानंतरही जात नाही. म्हणून हा विषय मला छोटा वाटत नाही.

माझं म्हणणं असं नाही की नागपूरच्या वर्गात बर्फाचं नावच काढू नका. उलट काढा, भरपूर काढा. फक्त दोन गोष्टी सांभाळा. आधी मुलाचा स्वतःचा हिवाळा वहीत येऊ द्या. आणि बर्फ शिकवायचाच असेल, तर तो खरा शिकवा : कुठे पडतो, का पडतो, आपल्याकडे का पडत नाही. त्यासाठी सगळ्यात छान उदाहरण हिमालयाचं नाही, तर समुद्रकाठच्या गावांचं आहे.

शब्द एक, वस्तू अनेक

"मॅडम, बर्फ डोक्यावर पडला तर लागते का जी?" चौथीच्या वर्गात एका मुलीने मला हे विचारलं, तेव्हा वर्ग हसला. पण प्रश्न अगदी बरोबर होता. मराठीत आपण फ्रीजमधल्या तुकड्यालाही बर्फ म्हणतो, लादीलाही बर्फ म्हणतो आणि काश्मीरमध्ये आकाशातून पडतो त्यालाही बर्फच म्हणतो. इंग्रजीत 'आइस' आणि 'स्नो' हे दोन वेगळे शब्द आहेत. आपल्याकडे 'हिम' हा शब्द आहे, पण तो पुस्तकात राहिला. त्यामुळे 'बर्फ पडतो' म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर आकाशातून लाद्या पडतात, नाहीतर गारा!

गारा आपल्या मुलांना नीट ठाऊक आहेत. म्हणून गोंधळ आणखी वाढतो. तो असा सोडवता येतो :

गार म्हणजे उंच गडगडाटी ढगात वर-खाली होत, थरावर थर चढत तयार झालेला टणक गोळा. मोठी गार कापली तर आत कांद्यासारखे पापुद्रे दिसतात. गारांना कडाक्याची थंडी लागत नाही. उलट जमीन तापून हवा जोरात वर चढते तेव्हा असे ढग तयार होतात. म्हणून आपल्याकडे गारपीट जास्त करून फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये होते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात झालेली गारपीट शेतकरी विसरलेले नाहीत. विदर्भात त्या दिवसांत झाडावर मृग बहाराची संत्री असतात, शेतात गहू-हरभरा उभा असतो. ज्या घरात ते नुकसान झालं, त्या घरातल्या मुलासाठी 'आकाशातून बर्फ पडला' हे वाक्य मजेचं नसतं.

दव म्हणजे हवेतली वाफ रात्री गार झालेल्या गवतावर थेंब होऊन बसते ते. फारच गारठा पडला तर ते गोठतं. महाबळेश्वरला वेण्णा तलाव आणि लिंगमळा परिसरात अशा बातम्या दरवर्षी येतात आणि 'महाबळेश्वरला बर्फ पडला' असं कुणीतरी म्हणतंच. तो वरून पडत नाही. खालचं दव जागेवरच गोठतं.

आणि हिम म्हणजे ढगातच पाण्याच्या वाफेचे झालेले बारीक सहा बाजूंचे स्फटिक. ते एकमेकांना चिकटून पिंजलेल्या कापसासारखे हळूहळू खाली येतात. म्हणजे त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर : नाही, लागत नाही. गार लागते, हिम लागत नाही.

या तीन गोष्टी फळ्यावर तीन रकान्यांत लिहून घेतल्या, तर एका तासात भाषाही होते आणि परिसर अभ्यासही होतो.

समुद्रकाठी बर्फ पडतो का?

आता खरा प्रश्न. हा वर्गात विचारून बघा. बहुतेक मुलं 'नाही' म्हणतील, कारण आपल्या डोक्यात समुद्र म्हणजे नारळ, वाळू आणि घाम. नागपूरच्या मुलांना तर समुद्र बघायचा म्हणजे समृद्धी महामार्गाने ७०१ किलोमीटर जावं लागतं. मग त्यांना सांगा : जगातली कितीतरी मोठी शहरं अगदी समुद्राच्या काठावर आहेत आणि तिथे गुडघाभर बर्फ पडतो.

हे समजावण्यासाठी एकच सोपं सूत्र पुरतं. हिम पडायला दोन गोष्टी एकाच वेळी लागतात : शून्याच्या आसपासची किंवा त्याखालची थंडी, आणि हवेत भरपूर ओलावा. एक असून दुसरी नसेल तर हिम नाही.

आता चार गावं घ्या. रत्नागिरी : ओलावा आहे, थंडी नाही. लेह : थंडी भरपूर, पण ओलावा कमी, वर्षभरात तिथे पाऊस-बर्फ मिळून साधारण १०० मिलिमीटरच पाणी पडतं. म्हणून इतकी थंडी असूनही लेह शहरात बर्फाचे ढीग लागत नाहीत. नागपूर : थंडी बऱ्यापैकी, पण शून्याच्या जवळपास नाही, आणि हवा कोरडी. बॉस्टन : थंडीही आहे आणि शेजारी अटलांटिक महासागरही आहे. म्हणून तिथे हिम पडतं.

म्हणजे समुद्र दोन कामं करतो. पाणी सावकाश तापतं आणि सावकाश निवतं, म्हणून समुद्र किनाऱ्याला जास्त थंड होऊ देत नाही. आणि तोच समुद्र ढगांना पाणी पुरवतो. रत्नागिरीला आपल्याला पहिलं काम दिसतं, बॉस्टनला दुसरं. तिथे कॅनडाच्या बाजूने जमिनीवरून गोठवणारी कोरडी हवा येते. त्याच वेळी किनाऱ्याला लागून वादळ वर सरकतं आणि समुद्रावरचा ओलावा ईशान्येच्या वाऱ्याने आत ढकलतं. त्या वादळाला तिथले लोक 'नॉर-ईस्टर' म्हणतात. दोन्ही हवा भेटल्या की हिम पडायला सुरुवात होते. गंमत म्हणजे समुद्राचं पहिलं कामही सुरूच असतं. त्यामुळे कधी कधी अगदी काठावर नुसता पाऊस पडतो आणि थोडं आत गेलं की हिम.

जपानमध्ये आओमोरी नावाचं बंदराचं शहर आहे. सैबेरियातून येणारा बर्फाळ वारा जपानच्या समुद्रावरून जाताना पाणी उचलतो आणि डोंगरांना अडून तिथे हिम टाकतो. आपल्याकडे पावसाळ्यात अरबी समुद्रावरचा वारा सह्याद्रीला अडून कोकणात पाऊस पाडतो, तसंच हे. फक्त पावसाच्या जागी हिम. नकाशावर हे एकदा दाखवलं की मुलांना 'अडवणारा डोंगर' पुन्हा शिकवावा लागत नाही.

बॉस्टनचा खरा हिवाळा

निबंधातला बर्फ नेहमी सुंदर असतो. खरा बर्फ काय करतो, हेही मुलांना कळायला हवं. २०१४-१५ च्या हिवाळ्यात बॉस्टनमध्ये एकूण ११०.६ इंच हिम पडलं, म्हणजे सुमारे २८१ सेंटिमीटर. तो तिथला विक्रम आहे. शाळा कितीतरी दिवस बंद राहिल्या, लोकल गाड्या बंद पडल्या. रस्त्यांवरचा बर्फ उचलून बंदराजवळ टाकला, त्याचा सुमारे ७५ फूट उंच डोंगर झाला. तो वितळायला १४ जुलै उजाडला! आपल्याकडे जेव्हा छत्र्या उघडलेल्या असतात, तेव्हा तिकडे हिवाळ्याचा शेवटचा बर्फ वितळत होता.

यावर गणितही घ्या. ढोबळमानाने १० सेंटिमीटर हिम वितळलं की १ सेंटिमीटर पाणी होतं. मग २८१ सेंटिमीटर हिमाचं पाणी किती? साधारण २८ सेंटिमीटर, म्हणजे २८० मिलिमीटर. नागपूरला वर्षाला हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे बॉस्टनला बुडवून टाकणारा तो सगळा बर्फ पाणी म्हणून मोजला, तर आपल्या पावसाच्या जेमतेम चौथा हिस्सा! मुलं हे उत्तर दोनदा तपासतात.

तिथे रस्त्यावर बर्फ साचू नये म्हणून मीठ टाकतात. का? याचं उत्तर आपल्या घरात आहे. पॉटमध्ये आइस्क्रीम करताना बर्फात खडेमीठ घालतात ना, तेच हे. मिठाचं पाणी शून्यावर गोठत नाही, त्याला आणखी थंडी लागते. वाटीभर बर्फात मूठभर मीठ घालून प्रयोगशाळेचा थर्मामीटर बुडवा, पारा शून्याखाली जाताना मुलांना दिसेल. (तो बर्फ मुलांना हातात धरू देऊ नका, चटका बसतो.)

तिकडच्या मराठी मुलांचा निबंध

बॉस्टन, न्यू जर्सी, न्यूयॉर्क या किनाऱ्यावर हजारो मराठी कुटुंबं राहतात. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या पुढाकाराने तिकडे मराठी शाळाही चालतात. आपल्या वर्गातही एखाद्या मुलाची आत्या किंवा मामा तिकडे असतो आणि जानेवारीत बर्फाचा व्हिडिओ आजीच्या मोबाईलवर येतो.

आता विचार करा. तिकडच्या मराठी शाळेतल्या मुलीने 'हिवाळा' निबंधात लिहिलं, "आम्ही फावड्याने दारासमोरचा बर्फ काढतो, मग बाबांची गाडी निघते. संक्रांतीला बाहेर बर्फ होता आणि आम्ही घरात तिळगूळ वाटला," तर तो शंभर टक्के खरा निबंध आहे. तिनेच इकडच्या पुस्तकातून 'गावोगावी शेकोट्या पेटतात' असं उतरवलं, तर ते तिच्यासाठी खोटं होईल. आणि आपल्या मुलाने तिचा बर्फ उतरवला तर ते आपल्यासाठी खोटं. वाक्य तेच, कुणी लिहिलं त्यावर त्याचा खरेपणा ठरतो. एवढं मुलांना कळलं, तर निबंध म्हणजे काय हे त्यांना कळलं.

आपला हिवाळा काय कमी आहे का?

भारतीय हवामान विभागसुद्धा सगळ्यांना एकाच मापाने मोजत नाही. थंडीची लाट म्हणायची तर मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली लागतं, डोंगराळ भागात शून्य किंवा त्याखाली आणि किनारपट्टीवर १५ अंश किंवा त्याखाली. शिवाय ते तिथल्या नेहमीच्या तापमानापेक्षा बरंच उतरलेलं असावं लागतं. म्हणजे मुंबईकर १४ अंशांवर कुडकुडतो, तेव्हा आपण हसायचं कारण नाही. त्याच्यासाठी ती थंडीच आहे. मुंबईचा नीचांक २२ जानेवारी १९६२ चा, ७.४ अंश. नागपूरला २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांवर गेला होता. त्याच नागपुरात मे महिन्यात ४५ च्या वर जातो. समुद्र जवळ नसला की असं होतं : थंडी पण कडक आणि ऊन पण कडक.

हा निबंधाचा मुद्दा नाही का? आहेच. आणि आणखी किती मुद्दे आहेत बघा. पहाटेचं धुकं आणि उशिरा धावणाऱ्या रेल्वे. चौकातली शेकोटी. ओला हरभरा, तुरीच्या शेंगा, वांग्याचं भरीत, शेतातली रोडग्यांची पंगत. संत्र्यांच्या गाड्या. हिवाळी अधिवेशन, त्यासाठी बंद झालेले रस्ते आणि मोर्चे. स्वेटर विकायला आलेले तिबेटी लोक. त्यांच्यापैकी काहींच्या आजी-आजोबांनी खरा बर्फ पाहिला आहे आणि गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ तिबेटी वसाहत १९७२ पासून आहे. विदर्भातल्या तलावांवर तर बर्फाळ प्रदेशातून हिमालय ओलांडून पट्टकादंब नावाचे हंस येतात. तिकडच्या बर्फाला कंटाळून ते आपल्याकडे हिवाळा काढायला येतात आणि आपली मुलं मात्र निबंधात तिकडचा बर्फ आणतात!

"पण परीक्षेत मार्क जातील ना?"

पालकांची ही काळजी मी समजू शकते. पण तपासणारे आपणच आहोत. आपण ठरवलं तर मार्क जाणार नाहीत.

दुसरा आक्षेप असतो कल्पनाशक्तीचा. मुलांनी न पाहिलेल्या गोष्टींवर लिहूच नये का? जरूर लिहावं. त्यासाठी कल्पनाप्रधान निबंध आहे, आत्मवृत्त आहे. 'नागपुरात बर्फ पडला तर', 'मी हिमकण बोलतोय' असे विषय द्या. तिथे मूल बर्फात मनसोक्त लोळू दे. पण 'हिवाळा' हा वर्णनात्मक निबंध आहे. त्यात जे बघितलं, ऐकलं, अंगावर घेतलं तेच यावं. आणि कल्पनेलासुद्धा माहिती लागते. ज्याला हिम आणि गार यांतला फरक कळला, त्याचा हिमकण जास्त छान बोलतो.

तिसरी अडचण खरी आहे : पट मोठा, वेळ कमी. म्हणून नवीन उपक्रम न सांगता एकच बदल सुचवते. नमुना निबंध देऊ नका, प्रश्न द्या. हे घ्या :

१. थंडी सुरू झाली हे तुला सगळ्यात आधी कशावरून कळलं?
२. तुझ्या घरात सगळ्यात लवकर कोण उठतं? त्याला थंडीत काय त्रास होतो?
३. रात्री तू काय पांघरतोस/पांघरतेस? ते कुणी शिवलं किंवा आणलं?
४. या दिवसांत घरात असं काय शिजतं, जे उन्हाळ्यात शिजत नाही?
५. तुझ्या रस्त्यावर, शेतात किंवा तलावावर या दिवसांत नवीन काय दिसतं?
६. थंडी कुणाला आवडत नसेल? का?
७. समुद्रकाठच्या एखाद्या गावातला मित्र आणि तू, दोघांच्या हिवाळ्यात काय फरक असेल?

प्रत्येक प्रश्नाची दोन-दोन वाक्यं लिहिली तरी चौदा वाक्यांचा निबंध होतो, आणि वर्गातल्या चाळीस मुलांचे चाळीस निबंध वेगळे होतात. सातव्या प्रश्नासाठी महिनाभर वर्तमानपत्रातून किंवा मोबाईलवरून नागपूर आणि रत्नागिरीचं कमाल-किमान तापमान फळ्याच्या कोपऱ्यात लिहीत जा. दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक कुठे जास्त, हे मुलं स्वतःच शोधतील आणि समुद्राचं काम त्यांना न सांगता कळेल.

पालकांना एवढंच सांगणं : मूल निबंध लिहायला बसलं की मोबाईल देऊ नका, पाच मिनिटं त्याच्याजवळ बसा. तुमच्या लहानपणीची थंडी कशी होती ते सांगा. गोधडीचा विषय काढा, आजीला बोलतं करा. नातेवाईक बर्फाच्या देशात असतील तर फोन लावून द्या आणि मुलाला स्वतः विचारू द्या, की दारासमोरचा बर्फ कोण काढतं, शाळेला सुट्टी मिळते का, गाडी घसरते का. मग त्याच्या वहीत बर्फ आला तर येऊ दे. 'माझ्या आत्याकडे' असं लिहून आला, तर तो बर्फही खराच.

या हिवाळ्यात वर्गात हे करून बघा आणि मुलांनी काय लिहिलं ते जरूर कळवा. भाषेच्या चुका दुरुस्त करता येतात. भाजीच्या गाडीवर जाणाऱ्या बाबांचा मफलर मात्र गाईडमध्ये कुठेच सापडत नाही. तो ज्याच्या वहीत असेल, त्याला यावेळी 'सुंदर' हा शेरा द्या.